दुरुस्ती की पुनर्विकास: सोसायटीतील तांत्रिक चर्चा भांडणावर का येते?

आपला प्रश्न मला समजला तो असा. ठाण्याच्या पाचपाखाडीतील आपली तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत १९८७ च्या सुमाराची आहे. स्ट्रक्चरल ऑडिटचे, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचे, दोन अहवाल हाती आहेत. एक सल्लागार मोठी दुरुस्ती सुचवतो, तर दुसरा पुनर्विकासाचा विचार करा असे म्हणतो. त्यानंतरची प्रत्येक सभा ‘कोणाचा अहवाल खरा’ येथून सुरू होते आणि ‘तुम्ही बिल्डरची माणसे’ किंवा ‘तुम्हाला खर्च करायलाच नको’ येथे संपते. आपण व्यवस्थापक समितीत नव्याने आला आहात आणि चर्चा तांत्रिक मुद्द्यांवर कशी टिकवावी, असे आपण विचारले आहे.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे आणि ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ या भागांतल्या जुन्या इमारतींच्या अशा सभांना अनेक वर्षे बसत आलो आहे. माझे मत असे की लोक तापट असतात किंवा त्यांना तांत्रिक ज्ञान नसते म्हणून या सभा बिघडत नाहीत. विषयपत्रिकेवर ‘इमारतीच्या दुरुस्तीबाबत चर्चा करणे’ असा एकच विषय असतो आणि त्याच्या पोटात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. इमारतीची आज अवस्था काय आहे, हा मोजमापाचा प्रश्न आहे. त्या अवस्थेवर कोणता उपाय चालेल आणि तो किती वर्षे टिकेल, हा अभियंत्याच्या अनुभवाचा आणि निर्णयबुद्धीचा प्रश्न आहे. त्या उपायावर पैसे घालावेत का, कोणी किती द्यावेत आणि आपल्याला पुढची वर्षे कशी काढायची आहेत, हा सभासदांच्या निवडीचा प्रश्न आहे. सभेत उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, पण पुरावा म्हणून पहिल्या प्रश्नातला आकडा पुढे करतो. समोरचा मग त्या आकड्याला आव्हान देतो आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असूनही एकमेकांना खोटे ठरवू लागतात.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते सांगतो. महानगरपालिकेने इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरवली असेल तर ती तातडीने रिकामी करावी लागते आणि पुढील बहुतेक मजकूर आपल्याला लागू होत नाही. सी-२ए मध्ये घरे रिकामी करून दुरुस्ती असते, सी-२बी मध्ये रहिवासी राहत असताना दुरुस्ती करता येते आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. आपण लिहिलेल्या वर्णनावरून इमारत मधल्या दोन वर्गांत असावी असे वाटते, पण ते प्रत्यक्ष पाहूनच ठरेल. किती घरे भाड्याने दिलेली आहेत, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे होणे) झाले आहे का, दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे, यांवरही चर्चेचा सूर बराच अवलंबून असतो. स्वतः राहणारा आणि भाडे घेणारा सभासद एकाच तड्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, आणि त्यात गैर काही नाही.

आता आकड्यांविषयी, कारण वाद पेटतो तो बहुधा तेथे. वाशीतील एका इमारतीच्या सभेत अहवालातील एक वाक्य मोठ्याने वाचले गेले: हाफ सेल चाचणीची (काँक्रीटवरून सळईचे विद्युत विभव मोजण्याची चाचणी) बहुतांश वाचने उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे असून गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक आहे. पुढच्या रांगेतले एक काका ताडकन उठले. “नव्वद टक्के गंजलं म्हणजे उरलं काय? आणि तुम्ही अजून दुरुस्तीच्या गोष्टी करताय?” त्यावर मागून एका सभासदाने सांगितले की त्यांच्या बाल्कनीचे प्लास्टर गेल्याच वर्षी काढले होते आणि सळया चांगल्या होत्या, तेव्हा हा अहवालच बनावट आहे. पुढचा सगळा वेळ अहवाल खरा की बनावट यावर गेला. वास्तविक ती चाचणी एवढेच सांगते की त्या जागी, त्या वेळी, गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता किती आहे. सळई किती खाल्ली गेली, हे ती सांगतच नाही. ते पाहायचे तर काँक्रीटचे आवरण फोडून, गंज घासून काढून, व्हर्नियर कॅलिपरने सळईचा व्यास मोजावा लागतो. १६ मिलिमीटरची सळई १५ भरली तर तिचे क्षेत्रफळ साधारण १२ टक्के घटलेले असते. तीच १२ भरली तर ४४ टक्के घटलेले असते. पहिल्या स्थितीत दुरुस्ती सोपी असते, तर दुसऱ्या स्थितीत जादा सळया घालून खांबाचे जॅकेटिंग (भोवती काँक्रीटचे नवे आवरण) करण्याचा गंभीर विचार करावा लागतो. त्या सभेत काका आणि मागचे सभासद या दोघांनाही हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर अहवालात नव्हतेच. चार-पाच जागा फोडून मोजमाप घ्या, असा ठराव पुरेसा होता.

आपल्या दोन अहवालांतील विसंगतीबाबतही मला हीच शंका आहे. एकात काँक्रीटची ताकद २५ आणि दुसऱ्यात २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दिली असेल आणि दोन्ही आकडे रिबाउंड हॅमरवरून (काँक्रीटवर आपटून किती उसळतो ते मोजणाऱ्या हातोड्यावरून) काढलेले असतील, तर त्यात भांडण्यासारखे फारसे काही नाही. या चाचणीवरून काढलेल्या ताकदीत अधिक-उणे २५ टक्क्यांचा फरक गृहीत धरावा, असे १९९२ च्या भारतीय मानकातच म्हटले आहे. शिवाय जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कठीण होतो, त्यामुळे हातोडा जास्त उसळतो आणि ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. अगदी टोकाच्या स्थितीत ही वाढ ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एका सल्लागाराने तळमजल्याचे खांब तपासले आणि दुसऱ्याने गच्चीखालच्या तुळया तपासल्या, तर आकडे वेगळे येणारच. म्हणून कोणाचा अहवाल खरा, हे विचारण्याआधी दोघांनी कोणते घटक तपासले, प्लास्टर काढून तपासले की वरून, कोअर (काँक्रीटचे दंडगोलाकार नमुने) काढले का आणि काढले असल्यास कोठून, हे विचारावे. या तीन-चार प्रश्नांत अर्धा वाद मिटलेला मी अनेकदा पाहिला आहे.

शक्य असेल तेथे मी चर्चा सभागृहातून उठवून इमारतीखाली नेतो. कळव्यातील एका सोसायटीत जिन्याजवळच्या खांबाचा कोपरा ताजा फोडून, धूळ झटकून, त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. काँक्रीट निरोगी असेल तेथे ते लगेच गडद गुलाबी होते. ज्या भागातील अल्कली धर्म गेला आहे, तो भाग जसाच्या तसा राखाडी राहतो. त्या खांबात राखाडी पट्टा बाहेरून सुरू होऊन सळईच्याही पलीकडे आतवर गेलेला होता, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारे काँक्रीटचे संरक्षण तेथे संपले होते. सभासद मोबाइलचा टॉर्च लावून वाकून पाहत होते, कोणी स्टीलच्या पट्टीने अंतर मोजत होते. सभेत सर्वांत जोराने विरोध करणाऱ्या गृहस्थांनी तेथे एकच प्रश्न विचारला: “सर, हे सगळ्याच खांबांना झालंय का?” नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता, कारण त्याचे उत्तर तपासून काढता येते आणि त्या उत्तरावर खर्चाचा अंदाज बदलतो.

तांत्रिक भाषेच्या आड पैशाचा प्रश्न लपलेला असतो, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवे. गच्चीच्या गळतीवरील चर्चा याचे ठळक उदाहरण आहे. वरच्या मजल्याचे सभासद ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) पूर्ण काढून नवा करावा असे म्हणतात, खालचे सभासद रासायनिक लेप पुरेल असे म्हणतात, आणि दोन्ही बाजू इंटरनेटवरची माहिती घेऊन येतात. पण खालच्या मजल्यावरील माणसाच्या मनात खरा प्रश्न असा असतो की माझ्या घरात पाणी येत नसताना मी पैसे का द्यावेत. तो प्रश्न उघड विचारणे त्याला संकोचाचे वाटते, म्हणून तो कोब्याच्या जाडीवर बोलतो. अशा वेळी मी सचिवांना आधी आदर्श उपविधी वाचायला सांगतो: गच्ची आणि छतातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते, तर घरातील संडास, न्हाणीघर किंवा सिंकच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. हे वाचल्यावर कोणी आनंदी होतोच असे नाही, पण निदान कोब्याविषयीची चर्चा कोब्यावरच होते आणि ती लवकर आटोपते.

पुनर्विकासाबाबत तर हे अधिकच खरे आहे. दुरुस्तीला किती खर्च येईल, त्यानंतर इमारत साधारण किती वर्षे निर्धोक वापरता येईल आणि त्या काळात पुन्हा काय करावे लागेल, इतके अभियंता सांगू शकतो. दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही, असे त्याला म्हणायचे असेल तर त्याने खर्चाचा तपशील दाखवून ते म्हणावे. परंतु पुनर्विकास करावा की नाही, हा सभासदांचा निर्णय आहे आणि त्यासाठी वेगळी वाट आखलेली आहे. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील निर्देशांनुसार त्या विशेष सर्वसाधारण सभेला दोनतृतीयांश सभासदांची गणसंख्या आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ऑडिट अहवालावर चर्चा करण्यासाठी बोलावलेल्या सभेत हा विषय उघडला की अहवालातील प्रत्येक ओळीकडे लोक ‘ही कोणत्या बाजूची’ अशा नजरेने पाहू लागतात. माझा आग्रह असतो की दोन्ही विषयांच्या सभा स्वतंत्र घ्याव्यात, अवस्थेची सभा आधी आणि निवडीची नंतर.

‘बिल्डरची माणसे’ हा आरोप आपल्याला अपमानकारक वाटला असणार. तरीही त्यामागची शंका मी रास्त मानतो. ऑडिट करणाराच पुढे दुरुस्तीच्या कामाचा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) होणार असेल आणि त्याचे शुल्क कामाच्या रकमेच्या टक्केवारीत असेल, तर मोठी दुरुस्ती सुचवण्यात त्याचा लाभ आहे. विकासकाने आणलेल्या सल्लागाराचा लाभ इमारत पाडण्यात आहे. यातले कोणी लबाडीच करतो असे मी म्हणत नाही, पण सभासदांना हे माहीत असण्याचा हक्क आहे. दोन्ही सल्लागारांकडून एका पानावर लेखी घ्यावे की त्यांना कोणी नेमले, पैसे कोणी दिले आणि या इमारतीत पुढे कोणते काम मिळण्याची त्यांची अपेक्षा आहे. हे कागदावर आले की आरोपाला दर वेळी नव्याने उभे राहण्याचे कारण उरत नाही. आमच्या व्यवसायातील अहवालही या अविश्वासाला खतपाणी घालतात, हे मी खेदाने लिहितो. पन्नास पानांची छायाचित्रे आणि शेवटी ‘तातडीने मोठी दुरुस्ती आवश्यक’ असे एक वाक्य, एवढ्यावर सामान्य माणसाने लाखो रुपये कसे काढून द्यावेत? कोणता घटक, कोणती चाचणी, काय आढळले, म्हणून कोणता उपाय आणि तो न केल्यास काय होईल, असा ओळीने जाणारा तक्ता मागणे हा आपला अधिकार आहे.

रंग, फाटक आणि लॉबीची फरशी या विषयांनी सभेचा किती वेळ जातो, हे आपण पाहिलेच असेल. ब्रिटिश लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्येच हे टिपले होते की समिती अणुभट्टीचा खर्च मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या शेडवर पाऊण तास घालवते, कारण शेडविषयी प्रत्येकाला मत असते. मी असे विषय तीन जणांच्या उपसमितीकडे देतो आणि सभेच्या शेवटी फक्त त्यांचा निर्णय वाचून दाखवतो.

सभेत मी एक साधी पद्धत वापरतो. भिंतीवर मोठा कागद लावायचा, प्रत्येक आक्षेप बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा आणि पुढे लिहायचे की हा कशाने सुटेल: चाचणीने, कागदपत्राने की मतदानाने. ‘खांब ठीक आहेत, दुरुस्तीची गरज नाही’ हे चाचणीने सुटते. ‘गेल्या वेळचे पैसे कोठे गेले’ हे हिशेबाच्या वह्यांनी सुटते. ‘मला या वयात भाड्याच्या घरात जायचे नाही’ हे कशानेही सुटत नाही, पण ते ऐकून घ्यावे लागते आणि मतदानात मोजावे लागते. या शेवटच्या वाक्याला अभियंत्याने सळईचा व्यास सांगून उत्तर देऊ नये, कारण बोलणारा सळईविषयी बोलतच नसतो. आणि ज्या आक्षेपाला उत्तर मिळाले आहे, तो पुन्हा उघडायचा असेल तर नवी माहिती आणावी, असा नियम अध्यक्षांनी पहिल्या सभेतच सर्वांसमोर सांगावा आणि तो इतिवृत्तात लिहावा.

यात एक काळजी मात्र घ्यावी. तांत्रिक मुद्दा हात वर करून ठरत नाही आणि एकट्या माणसाचा आक्षेप बरोबर असू शकतो. ऐरोलीतील एका इमारतीत तळमजल्यावरच्या आजी दर सभेला सांगत की त्यांचे स्वयंपाकघराचे दार पावसाळा संपला तरी अडकते. लाकूड फुगले असेल म्हणून सर्वजण ते सोडून देत. दाराच्या चौकटीवरचा तिरका तडा पाहिल्यावर आम्ही बाहेरचा ड्रेनेज चेंबर उघडला. तो फुटून कित्येक दिवस पाणी पायाखालच्या भरावात मुरत होते. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर ही क्षुल्लक गोष्ट नसते. बहुमताने तो आक्षेप निकाली निघाला असता, तर पुढची दुरुस्ती कितीतरी मोठी झाली असती. म्हणून कागदावरील प्रत्येक आक्षेपापुढे उत्तर लिहिले गेले पाहिजे, ते ‘तपासले, तथ्य आढळले नाही’ असे असले तरी चालेल.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपविषयी थोडेच सांगतो. तेथे अहवाल, छायाचित्रे आणि सभेची सूचना पाठवावी, पण तांत्रिक मुद्द्यावर मत मागवू नये. तेथे उत्तर मागचा संदर्भ न वाचता दिले जाते, सर्वांदेखत दिलेले असल्यामुळे मागे घेणे जड जाते, आणि रात्री अकरा वाजता लिहिलेले वाक्य दुसऱ्या दिवशी सभेत पुरावा म्हणून वाचले जाते. आक्षेप लेखी स्वरूपात सचिवांकडे द्यावेत आणि सर्वांची उत्तरे एकत्र, एकदाच, सल्लागाराकडून घेऊन वाटावीत.

आपल्या बाबतीत मी पुढील क्रम सुचवेन. दोन्ही सल्लागारांना एकाच दिवशी इमारतीत बोलवावे, समितीतील दोघे आणि विरोध करणाऱ्यांपैकी दोघे यांच्यासमोर ठरलेल्या जागा फोडून मोजमापे घ्यावीत आणि त्या एका तक्त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. निदानावर दोघांचे एकमत झाले आणि उपायावर मतभेद राहिले, तरी बरेच काम झाले असे समजावे; त्या मतभेदाची कारणे त्यांनी सभेला सोप्या मराठीत समजावून द्यावीत. निदानावरच एकमत झाले नाही तर व्हीजेटीआय किंवा आयआयटी मुंबई यांसारख्या अभियांत्रिकी संस्थेकडून तिसरे मत घेता येते. तिसरे मत मागवण्यापूर्वीच ते स्वीकारण्याचा ठराव करावा. निकाल पाहून स्वीकारायचे ठरले तर तिसरा अहवाल हा वादाचा तिसरा विषय होतो. इमारतीला तीस वर्षे उलटलेली असल्याने स्थैर्य प्रमाणपत्र महानगरपालिकेत सादर करण्याची जबाबदारी आपल्यावर आहेच, त्यामुळे हे काम वाया जाणार नाही.

या सगळ्याला काही महिने लागतील. तोवर ज्या गोष्टींवर दोन्ही अहवालांचे एकमत आहे, त्या थांबवू नका. सुटलेले छज्जे आणि बाल्कन्यांचे पोपडे पाडून घ्या, वाकलेल्या तुळयांना आणि फुगलेल्या स्लॅबला लोखंडी टेकू द्या, बाल्कनीतील भरलेली पिंपे आणि कुंड्या उतरवा, त्याखालून जाण्याचा रस्ता बंद करा. टेकू देण्याचे काम मेअखेरपर्यंत व्हावे, कारण एकदा पाऊस लागला की परांची बांधून बाहेरच्या बाजूला काम करणे अवघड होते आणि ओल्या, गंजलेल्या स्लॅबचे तुकडे पडण्याचा धोका त्याच महिन्यांत सर्वाधिक असतो. टेकू कोठे आणि किती द्यायचे, ते सल्लागाराकडून लेखी घ्या; नुसत्या ठेकेदाराच्या अंदाजावर ते बसवू नका, कारण खालच्या मजल्यावर टेकू न देता वरच्याच मजल्यावर दिला तर सगळा भार खालच्या स्लॅबवर येतो.